सदर झुरळाबाबत

आमच्या डोंबिवलीच्या घरात जेवणाचं टेबल आलं ते आईच्या हट्टामुळे, आणि त्यावरचं जेवण बंद झालं ते माझ्या कॉम्प्युटरमुळे. कमर्शियल आर्टचा कोर्स संपवून मी घरी बसले तेव्हा त्या दोन खोल्यांत उजेड आणि प्लग दोन्ही जवळ असलेली एकच जागा होती, आणि तिथे ते टेबल होतं. मग मॉनिटर तिथे आला, लोणच्याच्या बरण्या त्याच्यामागे भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या, कीबोर्डवर आईनं जुन्या परकराचा तुकडा घातला आणि आम्ही तिघं पुन्हा जमिनीवर पानं घेऊन बसायला लागलो. कुकरची शिट्टी झाली की स्क्रीनवर वाफ धरायची. आमटीला फोडणी पडली की मला शिंक यायची, माऊस हलायचा आणि रेष वाकडी जायची. माझ्या त्या काळातल्या प्रत्येक कामात एखादी रेष उगाच थरथरलेली दिसते. अलीकडे एका तरुण मुलानं फार आदरानं विचारलं, ही तुमची शैली का? मी हो म्हणून टाकलं. हिंगाचं नाव कुठे घ्यायचं!

बाबा सरकारी नोकरीत होते. खातं कुठलं ते सांगून उपयोग नाही, कारण खात्याचं मूळ काम त्यांनी कधी केलंच नाही. खात्यानं जे काही करून ठेवलेलं असे त्यावर ऑडिटवाले आक्षेप काढत, आणि त्या आक्षेपांना उत्तरं लिहिणं हे बाबांचं काम. नदी नसलेल्या गावात पूल का बांधला, असल्या प्रश्नालाही त्यांच्याकडे शांत, सभ्य आणि एकही शब्द खोटा नसलेलं उत्तर असायचं. शेवटी ‘सबब आक्षेप वगळण्यात यावा, ही विनंती’ हे वाक्य. घरातसुद्धा ते तसंच बोलत. दूध उतू गेलं की आई ओरडायची आणि बाबा पेपरातून मान वर न काढता म्हणायचे, “सदर दूध हे क्षमतेपेक्षा लहान पातेल्यात ठेवण्यात आल्याचं दिसतं.” पातेलं आईनंच ठेवलेलं असायचं.

आई बरोबर उलट, आक्षेप काढणाऱ्यांच्या जातीची. फडके रोडवरचे साडीवाले तिला लांबून बघूनच पंखा मोठा करत. अख्खं कपाट गादीवर उतरवून घेऊन ती शेवटी म्हणायची, “रंग चांगलाय हो, पण माझ्याकडे बघून हसत नाही.” आणि रिकाम्या हातानं बाहेर पडायची. अशा दोघांच्या पोटी मी जन्मले, पण मला ना आक्षेप काढता येत होते, ना उत्तरं देता येत होती. मी चित्र पुढे ठेवायचे आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहायचे. त्यामुळे एका लाँड्रीवाल्यानं आणि एका क्लासवाल्या बाईंनी माझी कामं परत पाठवली होती. बाबांनी बँकेच्या परीक्षेचा विषय काढला. रागावून नाही, त्यांच्या पद्धतीनं: “दिवाळीपर्यंत एका तरी माणसानं तुझं काम पसंत केलं तर हे पुढे चालू ठेवायला माझी हरकत नाही. अन्यथा परीक्षेला बसावं.” मी अन्नावरून उठण्याइतकी चिडले, पण त्या दिवशी अळूचं फदफदं होतं, म्हणून बसले.

तावडे आमच्या आयुष्यात आले ते पाठीवर पंप घेऊन. आईनं स्वयंपाकघरात फवारणीला बोलावलं होतं. कपाळाला गंध, इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि झुरळांविषयी बोलताना आवाज असा मऊ, की घरातल्या आजारी माणसाची चौकशी चाललीय. फवारून झाल्यावर हात धुताना त्यांची नजर माझ्या स्क्रीनवर गेली.

“मॅडम, तुम्ही लोगो करता? मग आमचा पण करा ना. आता ठाण्यात घोडबंदर रोडला एवढे टॉवर झालेत, तिथला वॉचमन पण गाडीवरचा लोगो बघून आत सोडतो.”

“काय नाव तुमच्या कंपनीचं?” मी विचारलं.

“सुनंदा पेस्ट कंट्रोल,” ते म्हणाले आणि चक्क लाजले. “मिसेसचं नाव आहे. लग्न झालं त्याच वर्षी धंदा काढला ना.”

मी आठवडाभर झुरळ काढत होते. आई म्हणाली, “माणूस बोलावून ओट्याखालची मारली, आणि आता टेबलावर पाळलीयेत.” तिच्याकडे लक्ष न देता मी एक गोल काढला, गोलात झुरळ आणि झुरळाच्या दोन पंखांमधल्या रिकाम्या जागेत घराचा आकार. कॉलेजात सर ज्याची तोंड भरून स्तुती करत ती सगळी लक्षणं त्यात होती. प्रिंट घेऊन मी ठाण्याला गेले. टेंभी नाक्याच्या मागच्या गल्लीत तावडेंचं घर, आणि घराच्याच पुढच्या खोलीत ऑफिस. भिंतीवर देवांच्या तसबिरी, त्यांच्या खाली औषधांचे डबे, आणि दोन्हींना एकाच उदबत्तीचा वास.

“ह्यात आपण निगेटिव्ह स्पेस वापरलीय,” मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं.

तावडेंचा चेहरा उतरला. “निगेटिव्ह नको मॅडम. धंद्याचं काम आहे. पॉझिटिव्ह करा.” मग बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, “हे जिवंत आहे का मेलेलं?”

“जिवंत.”

“मग लोक म्हणणार, ह्यांच्याकडून मरत नाहीत.”

एवढ्यात आतून त्यांच्या मिसेस चहा घेऊन आल्या. उंच, शांत बाई. त्यांनी ट्रे नेमका माझ्या प्रिंटवर ठेवला आणि आत गेल्या.

पुढच्या खेपेला मी झुरळ उताणं केलं, पाय वर. तावडे दचकलेच. “अहो, बोर्डावर मढं कसं चालेल? दसऱ्याला आम्ही बोर्डाला हार घालतो.” मेलेलं तर हवं, पण अशुभ नको. थोडक्यात त्यांना एक प्रसन्न मृत झुरळ हवं होतं. मी ते केलं. डोळे मिटलेले, मिशा सैल पडलेल्या, ओठांवर किंचित हसू. झुरळाला ओठ नसतात हे मला माहीत होतं, पण मी तेव्हा फार पुढे गेले होते. ते बघून तावडे म्हणाले, “छान आहे. पण मॅडम, राग मानू नका, हे झुरळ गरीब वाटतं. घोडबंदरचे लोक म्हणतील, असली झुरळं आमच्याकडे नसतात.” शिवाय त्याचं तोंड दक्षिणेला होतं. प्रत्येक वेळी चहा यायचा, प्रत्येक वेळी ट्रे प्रिंटवर बसायचा, आणि मी कपाच्या ओल्या वळ्यांचा कागद गुंडाळून डोंबिवलीला परत. आज वाटतं, त्या ट्रेकडे तेव्हाच नीट बघितलं असतं तर किती झुरळांचे कष्ट वाचले असते.

चौथी प्रिंटही परत आली त्या संध्याकाळी मी पानावर बसून रडले. आईनं मला आणखी भात वाढला. तिच्याकडे रडण्यावर तेवढा एकच उपाय होता. बाबांनी मात्र ताट बाजूला सरकवलं, हात धुतले आणि प्रिंटा जमिनीवर ओळीनं मांडल्या. जिवंत, मृत, प्रसन्न, श्रीमंत. श्रीमंत झुरळाला मी सोनेरी केलं होतं.

“आक्षेप काय काय आले?” त्यांनी विचारलं. मी सांगितले. “आणि तू उत्तर काय दिलंस?”

“मी म्हटलं, मला असं चांगलं वाटलं.”

बाबांनी डोळे मिटले. साहेबाच्या टेबलावर कुणी चहा सांडल्यावर ते असेच डोळे मिटत असतील. “शुभा, ‘मला चांगलं वाटलं’ हे उत्तर नाही. ‘छान दिसतं’ हेही नाही. तुला काय वाटलं हे त्यानं विचारलेलंच नाही. त्याला कशाची गरज आहे, आणि ती गरज ह्या कागदानं कशी भागते, एवढंच बोलायचं. आणि आक्षेपाला उत्तर द्यायचं, आक्षेप घेणाऱ्याला नाही.”

पुढे मी ह्या विषयावरची जाडजाड पुस्तकं वाचली, परिषदांमधून भाषणं ऐकली. आमच्या जमिनीवर भाताच्या शितांमध्ये बसून बाबा जे बोलले त्यापलीकडचं फारसं कुणी सांगितलं नाही. तेव्हा मात्र मला ते सगळं रुक्ष, सरकारी वाटलं. रंगीत तालीम करायची ठरली. आई तावडे झाली. तिनं पदर खोचला, पंप म्हणून पाठीला दुधाची किटली अडकवली आणि पाटावर बसली.

“ह्याला मिशा का?” आईनं सुरुवात केली.

“झुरळाला असतात,” मी म्हणाले.

“ते मला माहितीये. माझ्या लोगोला का?”

बाबा बाजूनं हलकेच म्हणाले, “ओळख पटावी म्हणून.”

“मिशा ओळखून मी काय त्याला पोलिसात देणारे?” आईला आता चढलं होतं. एकेक झुरळ तिनं साडीसारखं बाजूला टाकलं. शेवटी किटली आपटून म्हणाली, “अहो, मला घरात झुरळ नको म्हणून मी तुम्हाला बोलावलं, आणि तुम्ही मला झुरळच दाखवताय!”

“तू तावडे आहेस,” बाबा म्हणाले. “हे गिऱ्हाइकाचं वाक्य झालं.”

“मग मी दोन्ही आहे,” आई म्हणाली आणि उरलेली आमटी झाकायला गेली.

शेवटच्या खेपेला बाबा माझ्याबरोबर आले. रजा काढून. नोकरीत त्यांनी माझ्या बारशालासुद्धा अर्धाच दिवस काढला होता, असं आई सांगायची. नवरात्राचे दिवस होते, टेंभी नाक्यावर देवीच्या दर्शनाला गर्दी उसळलेली, आणि तावडेंच्या खिडकीसमोरच लाऊडस्पीकर. खोलीत बसून शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागत होतं. बाबांनी फायलीची नाडी सोडली, चष्मा पुसला आणि लाऊडस्पीकरवर आवाज चढवून सुरुवात केली.

“आक्षेप पहिला! झुरळ जिवंत की मृत! खुलासा: सदर झुरळ हे...”

“काय?” तावडे ओरडले.

“सदर झुरळ मृत आहे!” बाबांनी छाती भरून श्वास घेतला. “परंतु समाधानी आहे!”

नेमका तेव्हाच स्पीकर बंद पडला. अख्ख्या गल्लीत बाबांचं ते वाक्य घुमलं. खिडकीखाली दर्शनाच्या रांगेतल्या एका आजोबांनी वर बघून हात जोडले. त्यांनी काय ऐकलं देव जाणे. बाबा जराही विचलित झाले नाहीत. शांत आवाजात त्यांनी एकेक आक्षेप घेतला. दिशेबद्दल त्यांचं म्हणणं असं की बोर्ड गाडीवर लागणार, गाडी वळणार, सबब झुरळाची दिशा ही ड्रायव्हरच्या अखत्यारीतली बाब आहे. गरिबीबद्दल म्हणाले की झुरळाची सांपत्तिक स्थिती ही ज्या घरात ते सापडलं त्या घरावरून ठरते, स्वतंत्रपणे नाही. तावडे प्रत्येक उत्तराला मान डोलावत होते. मला वाटलं, झालं, जिंकलो.

“सगळं पटलं साहेब,” तावडे म्हणाले. “पण... ह्याचे पाय जरा जास्त नाही वाटत?”

मी हताशपणे बाबांकडे बघितलं. बाबांनी फाईल मिटली. चष्मा काढला. आणि अगदी वेगळ्या, घरच्या आवाजात विचारलं, “तावडे, एक विचारू? हा आक्षेप तुमचा नाही ना?”

“म्हणजे?”

“मी आयुष्यभर आक्षेप वाचलेत. ज्याचा स्वतःचा आक्षेप असतो त्याला उत्तर मिळालं की तो थांबतो. जो दुसऱ्याचा आक्षेप लिहून आणतो तो थांबत नाही, कारण त्याला घरी जाऊन तोंड दाखवायचं असतं. कुणाला पसंत नाही हे?”

तावडेंची मान आपोआप आतल्या दाराकडे वळली. दारात त्यांच्या मिसेस ट्रे घेऊन उभ्या होत्या. ह्या वेळी ट्रे कुठे ठेवायचा हे त्यांना सुचत नसावं.

“काकू,” मी म्हटलं. बाबांनी पढवलेलं नव्हतं, आपसूक तोंडून निघालं. “तुम्हाला काय वाटतं?”

“मला कोण विचारतंय,” त्या म्हणाल्या. मग ट्रे त्यांनी औषधाच्या डब्यावर ठेवला आणि एकदम बोलू लागल्या. “सुनंदा, आणि शेजारी झुरळ. बिलावर आधीपासूनच सुनंदा, शेजारी झुरळ. आता म्हणे गाडीवर पण. वॉचमन फोन करून सांगतो, सुनंदा आलीय झुरळं मारायला. गावी माझ्या बहिणी फोनवर हसतात. तुम्ही सांगा, बाईच्या नावाला लागून किडा शोभतो का?”

“अगं, प्रेमानं ठेवलं गं मी नाव!” तावडे कळवळून म्हणाले.

“प्रेम होतं तर साड्यांचं दुकान काढायचं होतं.”

स्पीकर पुन्हा सुरू झाला, आरती लागली, म्हणून आम्ही चौघंही नाइलाजानं उभे राहिलो आणि हात जोडले. तेवढ्या वेळात माझं सगळं लक्ष समोरच्या प्रिंटवर. गोल, गोलात झुरळ, खाली नाव. आरती संपल्यावर मी फायलीतला एक कोरा कागद घेतला, गोलाच्या मापाचा फाडला आणि झुरळावर ठेवला. राहिलं ते एवढंच: पांढरा स्वच्छ गोल, आणि त्याच्याखाली सुनंदा.

“मॅडम, झुरळ कुठे गेलं?” तावडेंनी विचारलं.

मी उत्तर जुळवत होते, बाबा घसा साफ करत होते. तेवढ्यात काकू म्हणाल्या, “गेलं. तुम्हीच मारलंत ना?” आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. हसता हसता त्या खुर्चीवर बसल्या. त्यांना त्या खोलीत बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. तावडे आधी गोलाकडे, मग बायकोकडे बघत राहिले, आणि हळूहळू त्यांच्या तोंडावर तेच हसू आलं जे मी बरेच दिवस झुरळाच्या तोंडावर आणायचा प्रयत्न करत होते.

“पण लोकांना कळेल का?” त्यांनी दबकत विचारलं.

“काम पूर्ण झाल्याचा पुरावा म्हणजे जागेवर काहीही न आढळणं,” बाबा म्हणाले. “सबब गोल रिकामा आहे.” तावडेंनी तिथल्या तिथे होकार दिला.

बाहेर पडल्यावर बाबांनी मला मिसळ खायला नेलं. बाहेरचं खाणं त्यांच्या तत्त्वात बसत नसे, त्यामुळे ते पहिल्या घासालाच ठसकले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते निव्वळ तिखटानं होतं की नाही, मी विचारलं नाही.

“बाबा, तुम्हाला आवडलं ना?” मी विचारलं.

“मिसळ?”

“लोगो.”

“नाही,” बाबा रुमालानं नाक पुसत म्हणाले. “नुसता गोल आहे तो. कुणीही काढेल.”

“मग तिथे एवढं बोललात ते?”

“मला आवडण्याचा काय संबंध? मागितलं होतं ते त्यात आहे. उत्तर द्यायला तेवढं पुरतं.” मग पाव मोडता मोडता, माझ्याकडे न बघता, “बँकेचं राहू दे. तुला बेरजासुद्धा येत नाहीत.”

गाडीवर गोल लागला, ऑफिसवर मोठा बोर्ड लागला आणि महिन्याभरात तावडे नवराबायको आमच्या घरी हजर झाले. तावडे चिंताग्रस्त, काकू नव्या साडीत. कॉम्प्युटरच्या टेबलाशी खुर्च्या मांडल्या. आई किटलीविना, पण कान देऊन दारात उभी.

“मॅडम, गडबड झालीय,” तावडे म्हणाले. “पांढरा गोल, खाली सुनंदा. लोकांना वाटतं खानावळ आहे. फोन येतात, थाळी केवढ्याला, डबा पोचवता का. काल एका टॉवरमधून बाई म्हणाली, दोन प्लेट इडली पाठवा. माझं म्हणणं, छोटंसं झुरळ टाकू. कोपऱ्यात. दिसेल न दिसेल असं.”

मी बाबांकडे बघितलं. बाबा विचारात पडले होते. आक्षेप सरळ होता, खरा होता, आणि तावडेंचा स्वतःचा होता. बाबांना उत्तर सापडत नाही हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. मला तर ते कधीच सापडत नव्हतं. मी निमूटपणे माऊस हातात घेतला, जुन्या फायलीतलं झुरळ उघडायला.

“थांब गं जरा,” काकू मला म्हणाल्या. मग खुर्ची नवऱ्याकडे वळवून त्यांनी विचारलं, “अहो, त्या बाईनं इडली मागितली ना?”

“मागितली.”

“आपल्याकडे?”

“हो ना, तेच तर...”

“झुरळ होतं तेव्हा कोणी मागितली होती?”

तावडेंचं तोंड उघडं राहिलं. कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या आणि आईसुद्धा गॅस बंद करायला हलली नाही.

“आपलं नाव बघून बाईला वाटतंय की ह्यांच्या हातचं खावं,” काकू म्हणाल्या. “एवढी स्वच्छ वाटते तिला सुनंदा. फोन मी घेते आता. सांगते, इडली नाही मिळणार, पण तुमच्या स्वयंपाकघरात आणखी कोण जेवतं ते बघायला माणूस पाठवते. त्या इडलीवाल्या बाईला आज मीच उलट फोन करून सांगितलं, हो म्हणाली. उद्या सकाळचं काम आहे.”

माझा हात माऊसवरून खाली आला. बाबा उठून उभे राहिले. मला वाटलं, आता ‘सबब’ येणार. पण ते आईच्या बाजूनं वाट काढत, पाहुण्यांसाठी चहा टाकायला स्वतः स्वयंपाकघरात गेले. आत भांड्यांची बरीच आदळआपट झाली आणि मग आवाज आला, “साखर कुठल्या डब्यात असते?”